ज्याची बातमी, त्याला सोडून

विजयराघवांना मधुमेह आहे ही बातमी कुंभकोणममध्ये सर्वांत शेवटी विजयराघवांना कळली.

तोवर ती चार वर्षांची जुनी झाली होती. त्यांच्या बायकोला, सुब्बलक्ष्मीबाईंना, ती ठाऊक होती, मेव्हण्याला होती, तिरुविडैमरुदूरच्या बहिणीला होती. महामहम तळ्याच्या कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला होती. तो सुब्बलक्ष्मीबाईंच्या सूचनेवरून विजयराघवांच्या पेल्यात नावापुरती साखर टाकायचा आणि 'अय्या, हल्ली साखरेलाच गोडी राहिली नाही' म्हणून सुस्कारा सोडायचा. देवळातला गुरव गुळाच्या पोंगलचा प्रसाद इतरांना मूठभर आणि त्यांना चिमूटभर द्यायचा. आपल्या वाट्याला देव कमी येतो असं विजयराघवांना अधूनमधून वाटे, पण ते तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. देवाबद्दल तक्रार करणं त्यांना शोभलं नसतं.

'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' हे वाक्य त्यांनी आर्ट्स कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. त्या 'सर्व' मध्ये आपणही मोडतो अशी शंका मात्र त्यांना निवृत्तीनंतरही आली नव्हती.

रोज सकाळी ते तळ्याभोवती फिरत. सोबत रेल्वेतून निवृत्त झालेले चंद्रमौली असत. चंद्रमौली पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेऊन मग बाहेर पडत, आणि विजयराघव त्यांना वाटेत उपदेश टोचत.

"मनाचा ताबा, चंद्रमौली. रोग हा जिभेतून शिरतो. माझं पाहा. अठ्ठावन्न वय, साखर नाही, बीपी नाही. दर वर्षी तपासतो. अठ्ठ्याण्णव!"

"अठ्ठ्याण्णव," चंद्रमौली मान खाली घालून म्हणत. "भाग्य आहे तुमचं."

ती खाली घातलेली मान ही आपल्या बोलण्याची किमया आहे असं विजयराघव समजत. खरं तर चंद्रमौली हसू लपवत असत. आकडा खोटा आहे हे सुब्बलक्ष्मीबाईंनी त्यांच्या बायकोला केव्हाच सांगितलं होतं.

आता यात सुब्बलक्ष्मीबाई दुष्ट होत्या असं कोणी समजू नये. त्या रीत पाळत होत्या. तंजावरच्या राजांबरोबर जी मराठी घरं कावेरीकाठी आली, त्यांनी देशावरून काय काय आणलं याच्या कथा घरोघरी निराळ्या आहेत. पण विजयराघवांच्या घरात एक गोष्ट नक्की टिकून होती. वाईट बातमी ज्याची असेल त्याला सांगायची नाही. बाकी सर्वांना सांगायची. ज्याची त्याला सांगितलं तर तो घाबरतो. इतरांना सांगितलं तर ते मदत करतात.

या रीतीला पुरावाही होता. विजयराघवांचे वडील व्यंकोबा, यांना एका तरण्या डॉक्टरने 'तुम्हाला साखरेचा आजार आहे' असं थेट तोंडावर सांगितलं. व्यंकोबा घरी आले, चटई पसरून निजले, आणि अन्नावरची वासना सोडून काही महिन्यांत गेले. साखरेने नव्हे, सांगितल्याने गेले, असा घरच्या बायकांचा निष्कर्ष होता. तर्कशास्त्रात या चुकीला एक नाव आहे. पण बायकांनी तो निष्कर्ष काढला तेव्हा विजयराघव वर्गावर होते.

म्हणून चार वर्षांपूर्वी जेव्हा सुब्बलक्ष्मीबाईंचा भाऊ रंगा आपल्या लॅबमधून धावत आला आणि म्हणाला की भावोजींची उपाशीपोटीची साखर एकशे ऐंशी आहे, तेव्हा बाईंना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. रंगाची रक्त-लघवी तपासायची लॅब बस स्टँडमागे होती. कागद त्याचाच, छापायचं यंत्र त्याचंच. त्याने अठ्ठ्याण्णव छापले. शंभर छापले असते तर भावोजींना संशय आला असता, असं तो पुढे म्हणाला.

मग घरात उपचार सुरू झाले. भात कमी झाला. कारण सांगितलं, नवा तांदूळ पोटाला जड. शेवग्याची पानं आली, ती डोळ्यांसाठी. रंगाने ओळखीच्या डॉक्टरकडून गोळ्या लिहून आणल्या. त्या पाकिटातून काढून एका काचेच्या डबीत भरल्या गेल्या आणि तिचं नाव 'विटामिन' पडलं. विजयराघव त्या दोन्ही वेळा जेवणानंतर भक्तिभावाने घेत, आणि आपल्या तब्येतीचं श्रेय निम्मं विटामिनला व निम्मं मनाच्या ताब्याला देत.

"सुब्बा, ह्या विटामिनास मासळीचा वास कां येतो?" त्यांनी एकदा विचारलं. पिढ्यान्‌पिढ्या वरणभात खाल्लेल्या माणसाला तो वास कसा ओळखू आला, हे त्यांनाच ठाऊक.

"विटामिनास वास असायचाच," बाई म्हणाल्या. "वास नसेल तें खोटें."

एकच अडचण होती. हे सगळं बोलायचं कोणत्या भाषेत? शेजाऱ्यांपासून लपवायचं तर घरची मराठी होती. तीनशे वर्षं त्या कामी तिचा उपयोग झाला. पण विजयराघवांना मराठीही येत होती आणि तमिळही. नशिबाने सुब्बलक्ष्मीबाई आणि रंगा यांचं बालपण वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे तेलुगू मुलखात गेलं होतं. बालपण आठवलं की ती भावंडं तेलुगू बोलत. गेली चार वर्षं त्यांना बालपण फार आठवत होतं.

हे असंच चाललं असतं. पण विजयराघवांची धाकटी बहीण पंकजा, हिची मूत्रपिंडं गेली.

आठवड्यातून दोनदा तिचा नवरा श्रीवत्स तिला तंजावरला डायलिसिसला नेऊ लागला. हातावर शीर फुगून दोरखंडासारखी झाली. पाणी मोजून प्यायचं. पन्नाशीची पंकजा एका वर्षात आईसारखी दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, कोणी नात्यातलं मूत्रपिंड देईल तर पाहा.

व्यंकोबांच्या श्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाली, कुंभकोणमची कोवळी पानं आणि चुना फिरला. श्राद्धाच्या दिवशी उच्चारलेला शब्द पितर ऐकतात असं मानणारं घर. विजयराघव उभे राहिले, आणि वर्गात उपस्थिती घेताना येई तसा घसा खाकरून म्हणाले:

"पंकजेस माझें एक मूत्रपिंड मी देणार. मज काहीं रोग नाहीं. देवानें निरोगी ठेवलें तें ह्याचसाठीं असावें."

घर गप्प झालं. कोणी पान चावेना. विजयराघवांनी त्या शांततेकडे पाहिलं आणि आपल्या शब्दांचा परिणाम पाहून त्यांचेच डोळे भरून आले. पंकजा पदरात तोंड घालून रडू लागली. रंगा सुब्बलक्ष्मीबाईंना तेलुगूत काहीतरी म्हणाला.

पुढचा पंधरवडाभर विजयराघव असे चालत, जणू काही त्यांच्या कमरेत मूत्रपिंड नसून दागिना आहे. तळ्याभोवती त्यांनी चंद्रमौलींना सांगितलं, "देता येणं हेच आरोग्य." चंद्रमौलींनी त्या दिवशी मान खाली घातली नाही. त्यांनी विजयराघवांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मग तळ्यातल्या बगळ्याविषयी काहीतरी बोलले.

सुब्बलक्ष्मीबाईंनी नाना उपाय केले. पत्रिका पाहू म्हणाल्या. आडी महिना अशुभ, तो संपू द्या म्हणाल्या. शेवटी तंजावरच्या इस्पितळात दात्याच्या तपासण्या झाल्या. रंगाच्या लॅबबाहेर त्यांचं रक्त गेलं ते चार वर्षांत प्रथमच, आणि लघवी तर त्याआधी कोणी तपासण्यासाठी मागितलीच नव्हती. अहवालाच्या दिवशी दोघं मूत्रपिंडाच्या डॉक्टर नंदिता यांच्या समोर बसली. डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, तमिळ, बोलायला सरळ.

"डायबिटीस किती वर्षांपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?" विजयराघव म्हणाले.

"तुम्हाला, सर."

"मला नाही. अठ्ठ्याण्णव आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा पाहिला. "गेल्या तीन महिन्यांची सरासरी थोडी वर आहे. आणि ही गोळ्या चालू असताना असते तशी दिसते. कोणती औषधं घेता?"

"औषध नाही. विटामिन घेतो. सुब्बा, ती डबी दाखव."

"घरीं राहिली," बाई म्हणाल्या.

"कशी राहील? दुपारची असते ना," म्हणून विजयराघवांनी स्वतःच त्यांच्या पिशवीत हात घातला आणि डबी काढून टेबलावर ठेवली. मदत करण्याची त्यांना हौस होती.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं. एक गोळी तळहातावर घेऊन पाहिली, मग नाकाशी नेली. मग त्या सुब्बलक्ष्मीबाईंकडे पाहू लागल्या. सुब्बलक्ष्मीबाई भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहत होत्या.

"सर, ही मेटफॉर्मिन आहे. डायबिटीसची गोळी."

विजयराघव हसले. विद्यार्थी चुकीचं उत्तर देतो तेव्हा हसत तसे. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. काढून ठेवायला त्यांना जागा मिळाली नाही.

पुढचं डॉक्टरीणबाई हळूहळू सांगत होत्या. जेवणातली साखर रक्तात येते, तिला पेशीत शिरायला इन्सुलिन दार उघडून देतं. काही माणसांच्या पेशी हळूहळू दार उघडेनाशा होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं, आणखी ठोठावतं. बरीच वर्षं त्यावर भागतं. शेवटी इन्सुलिन बनवणारी ग्रंथी दमते आणि साखर रक्तात साचते.

"आणि भागत असतं तेव्हा तपासणी?"

"बहुधा चांगली येते."

"म्हणजे चांगलं दिसत असतं तेव्हाच आत बिघडत असतं."

"हो."

ही गोष्ट विजयराघवांना तर्काच्या दृष्टीने अनैतिक वाटली.

"तुमची साखर थोडीफार आटोक्यात होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मूत्रपिंडाकडे कोणी पाहिलंच नाही. मूत्रपिंड ही गाळणी. प्रथिनं आत ठेवायची आणि घाण बाहेर टाकायची. तुमच्या गाळणीतून प्रथिन गळायला लागलंय. दोन वेळा तपासलं, दोन्ही वेळा आलं. लघवीला फेस येतो का?"

येत होता. वर्षभर येत होता. विजयराघवांनी त्याबद्दल संडास धुण्याच्या नव्या फिनाइलला दोष दिला होता आणि दुकानदाराशी भांडण करून फिनाइल बदललंही होतं.

"गुडघ्यासाठी काही घेता?"

"दुखण्याची गोळी. रोज. फिरायला जायचं असतं."

"ती आज बंद. कोणी सांगितलं नाही, अशा गोळ्या मूत्रपिंडाला मारतात म्हणून?"

कोण सांगणार? सांगायचं तर 'कां?' आलं असतं. रक्त काढायला रंगा होता. लघवी मात्र माणसाला स्वतःच द्यावी लागते, आणि देण्याआधी माणूस कारण विचारतो. म्हणून चार वर्षं सगळ्यांनी त्यांची काळजी फक्त रक्तापुरती घेतली होती.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही सुरुवात आहे. क्रिएटिनिन अजून ठीक आहे. मूत्रपिंड सांभाळणारी गोळी देते, साखर-रक्तदाब नीट धरू, मीठ कमी. आहे तिथे पुष्कळ वर्षं थांबवता येईल."

"आणि माझी बहीण?"

"तुम्ही देऊ शकत नाही, सर. तुमची दोन्ही तुम्हालाच लागणार आहेत."

परतताना भाड्याच्या गाडीत ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. जन्मात ते असे बसले नव्हते. पापनाशमच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा ते मागे न वळता मराठीत म्हणाले, "कोणाकोणास ठाऊक आहे?"

"घरच्यांस."

"म्हणजे?"

"रंगा. चंद्रमौलींची बायको."

"म्हणजे चंद्रमौली."

"तो कॉफीवाला. गुरव."

"गुरवास!"

"प्रसाद कमी द्यावा म्हणून. नाहींतर तुम्ही मूठभर खाल्ला असता."

ड्रायव्हर रुळाकडे पाहत होता. त्याला मराठी येत नव्हती. गाडीतला तेवढा एकच माणूस विजयराघवांना विश्वासू वाटला.

"सुब्बा, मी रोज त्या चंद्रमौलीस मनाचा ताबा शिकवीत होतों."

"ठाऊक आहे. त्यांची बायको सांगे."

"आणि हसत असतील."

"हसत," बाई म्हणाल्या. आता त्यांनी खरं बोलायला सुरुवात केली होती आणि ती नको तिथून केली होती. "पण तुम्हांस सांगितलें असतें तर तुम्ही मामंजींसारखे निजलां असतां. मी काय करायचें होतें? चार वर्षें तुमची साखर मी वाहिली. रात्रीं झोप नाहीं. तुम्ही मजेंत होतां. मजेंत राहावें म्हणूनच केलें."

"मज विचारायचें."

"घाबराल काय, असें विचारायचें?"

आगगाडी गेली, फाटक उघडलं. दारात उतरताना बाई हलकेच म्हणाल्या, "पंकजेस इतक्यांत सांगूं नका. तिच्या मनास लागेल."

विजयराघवांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या आत निघून गेल्या. त्या रात्री ते चटईवर निजले नाहीत आणि जेवलेही नेहमीइतकंच. व्यंकोबांसारखं वागायची सगळ्यांनी चार वर्षं वाट पाहिली होती. तेवढाही मान त्यांना कोणाला द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बसने तिरुविडैमरुदूरला गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. शब्द पितरांसमोर दिला होता. तो मागे घ्यायचा तर निदान तोंडावर घ्यावा. निदान या एका घरात तरी बातमी ज्याची त्याच्यापर्यंत सरळ पोचावी.

पंकजाने कॉफी आणून पुढ्यात ठेवली आणि झोपाळ्यावर बसली. श्रीवत्स परसात केळींना पाणी घालत होता.

"पंकजा, मज देतां येणार नाहीं. मज साखरेचा आजार आहे. मूत्रपिंडासही लागला आहे, थोडा."

ती दचकेल म्हणून ते थांबले. ती दचकली नाही. तिने हातावरची फुगलेली शीर पदराखाली घेतली.

"हें दुसरें मज ठाऊक नव्हतें, अण्णा. मूत्रपिंडाचें. खरेंच नव्हतें."

"आणि पहिलें?"

"तें होतें."

"मग त्या दिवशीं रडलीस कशास?"

"तूं इतका खुश दिसलास," पंकजा म्हणाली. "बाबा गेल्यापासून तुज असा पाहिला नव्हता. सगळ्यांदेखत कोणी कसें बोलावें? म्हटलें, तंजावरास डॉक्टर सांगतील. परक्यानें सांगितलेलें बरें."

म्हणजे जिच्यासाठी आपण उभे राहिलो, तिनेही ते नाटकातल्या मुलाने राजाचा वेष केल्यासारखं पाहिलं होतं. विजयराघवांना राग येईना. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"मग आतां तुझें काय?" ते म्हणाले.

"सरकारी यादींत नांव आहे. आणि मी काहीं तुझ्यावर विसंबून नव्हतें, अण्णा. ह्यांची तपासणी करविली. रंगाकडे. म्हटलें, आधीं घरांत पाहूं."

"मग?"

पंकजाने परसाकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "ह्यांसही निघाली. साखर. चांगली निघाली."

"श्रीवत्सरावांस ठाऊक?"

"अण्णा!" ती अशी म्हणाली की जणू त्यांनी काही अचकट विचकट विचारलं. "त्यांस कसें सांगायचें? हे घाबरून निजले तर मज डायलिसिसास कोण नेणार? रक्तगट जुळत नाहीं म्हणून सांगितलें. रंगानें गोळ्या दिल्यात. कॅल्शियम म्हणून घेतात. तुज म्हणून सांगतें. कोठें बोलूं नको."

विजयराघवांनी कॉफीचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्यांच्या आयुष्यात प्रथमच एखादी बातमी तिच्या मालकाआधी त्यांच्याकडे आली होती. कबूल करायला हवं, ते त्यांना बरं वाटलं. ही बढती होती. काल ते रोगी होते. आज घरचे झाले. सुब्बा, रंगा, पंकजा यांच्या रांगेत त्यांना पाट मांडून मिळाला होता, आणि त्यावर बसायला फक्त गप्प राहायचं होतं. पंकजा तर त्यांच्याकडे अशा विश्वासाने पाहत होती, की गेल्या चार वर्षांत तसं कोणी पाहिलं नव्हतं.

श्रीवत्स पाय धुऊन आत आला. खांद्यावरच्या पंचाने हात पुसत म्हणाला, "काय अण्णा? बहीणभावांचें काय गुपित चाललें आहे?"

"केळींचें बोलत होतों," पंकजा म्हणाली.

श्रीवत्स हसला. पोस्टात चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटून हा माणूस निवृत्त झाला होता. त्याची स्वतःची बातमी तेवढी कोणी वाटली नव्हती.

"श्रीवत्सराव," विजयराघव म्हणाले, "लघवीस फेस येतो काय?"

"अण्णा," पंकजा म्हणाली.

"फेस? नाहीं बुवा. कां?"

"मग अजून वेळ आहे. बसा. तुमचा रक्तगट जुळतो कीं नाहीं, मज ठाऊक नाहीं. पण तुम्हांस साखरेचा आजार आहे. तें कॅल्शियम नव्हे, त्याची गोळी आहे. रंगाच्या भरवशावर राहूं नका. उद्यां डॉक्टरांकडे चला, मीही येतों. लघवी तपासून घ्यायची, डोळे तपासून घ्यायचे. मज चार वर्षांपूर्वीं हें कोणी सांगितलें असतें तर काल मी पंकजेस मूत्रपिंड देऊं शकलों असतों असें नाहीं. पण माझें तरी वांचलें असतें."

श्रीवत्स झोपाळ्याच्या कडीला धरून उभा राहिला. मग बसला. चेहरा पांढरा पडला होता, पण तो निजला नाही. मग म्हणाला, "हें कोणाकोणास ठाऊक आहे?"

"रंगा, पंकजा, मी. तुम्ही चौथे. आपल्या घराण्यांत इतका वरचा नंबर अजून कोणास मिळाला नाहीं."

श्रीवत्सने बायकोकडे पाहिलं. बायको भावाकडे पाहत होती. ती उठली, त्यांच्यापुढचा पेला आणखी थोडा पुढे सरकवला, अगदी पाहुण्यापुढे सरकवतात तसा.

"कॉफी घेऊन निघा," ती म्हणाली. "सव्वाअकराची बस आहे."

ती तमिळमध्ये म्हणाली. पन्नास वर्षांत भावाशी तिने घरात कधी तमिळ उच्चारलं नव्हतं; ती भाषा दारावर आलेल्या माणसांसाठी होती.